दोन ओळींवर काळी पट्टी

(दृश्य : मायक्रोफिल्मचं रीळ. टाइप केलेलं जुनं खरेदीखत, अगदी जवळून.)

घर रस्त्यापासून किती आत हवं, बांधकामावर निदान किती डॉलर खर्च व्हायला हवेत... आणि त्याच सुरात पुढची अट : गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही. नोकर म्हणून राहिलात तर चालेल.

(दृश्य : सनीवेलची गल्ली. एका दाराला तोरण.)

हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातलं सँटा क्लारा काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं. आयटीच्या नोकरीपायी आपली कितीतरी मराठी घरं आज याच भागात नांदतात.

1948 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं, की अशा अटी कोर्टांनी राबवायच्या नाहीत. 1968 च्या कायद्यानं त्या बेकायदाच ठरल्या. पण कागदावरून गेल्या नाहीत. स्टॅनफर्डचे कायद्याचे प्राध्यापक डॅनिएल हो यांना पालो आल्टोतल्या स्वतःच्या घराच्या कागदांत अशीच अट सापडली. तिथे मज्जाव होता आफ्रिकी, जपानी आणि चिनी वंशाच्या लोकांना.

2021 मध्ये राज्यानं कायदा केला : प्रत्येक काउंटीनं या अटी शोधायच्या आणि झाकायच्या. शोधायच्या कशा?

(दृश्य : रेकॉर्ड रूम. मग संगणकाचा पडदा.)

कर्मचाऱ्यांनी सुमारे लाखभर पानं डोळ्यांनी वाचली. हाती लागल्या चारेकशे अटी. संगणकावर ‘व्हाइट’ शब्द शोधावा, तर व्हाइट आडनावाचे सगळे गृहस्थ हजर. आणि खरी अट असते पुसट पानावर. स्कॅनमध्ये अक्षरं अशी विस्कटतात, की शब्द शब्दच राहत नाही.

स्टॅनफर्ड आणि प्रिन्स्टनच्या संशोधकांनी मग ‘मिस्ट्रल’ हे एआयचं खुलं, म्हणजे कुणालाही वापरता येणारं, मॉडेल घेतलं. माणसांनी आधी खुणा करून ठेवलेली खरेदीखतं दाखवून त्याला शिकवलं. अट आहे की नाही एवढंच सांगून ते थांबत नाही, नेमकी ओळ उचलून देतं. जुन्या खतात पत्ता नसतो, असतं फक्त वसाहतीचं नाव आणि नकाशाच्या वहीचा क्रमांक. तो धागा धरून अटी नकाशावर बसवल्या.

52 लाख पानं. सुमारे साडेसात हजार अटी. संगणकाचा खर्च 258 डॉलर! (आमच्या कॅमेऱ्याचं भाडं याहून जास्त झालं.) शेजारच्या नव्हे, पण त्याच राज्यातल्या लॉस एंजेलिस काउंटीनं या कामाचं कंत्राट दिलंय, 80 लाख डॉलरचं, सात वर्षांच्या मुदतीचं.

(दृश्य : नकाशावर ठिपके उमटत जातात. निवेदन थांबतं. दहा सेकंद.)

1950 च्या सुमाराला इथल्या दर चार मिळकतींमागे एकीवर अशी अट होती, असा संशोधकांचा अंदाज आहे.

(दृश्य : पडद्यावर खत, दोन ओळी पिवळ्या.)

शेवटचा शब्द मॉडेलचा नाही. काउंटीचे वकील ओळ वाचतात, होकार देतात, मग पट्टी पडते आणि झाकलेली प्रत नव्यानं नोंदली जाते. मूळ पान मात्र फाडायचं नाही. ते जपून ठेवायचं, हेही त्याच कायद्यात आहे.

(दृश्य : काळी पट्टी. रीळ पुढे सरकतं.)