आठशे वर्षं दिवा कोणी सांभाळला? हूक दीपगृहाची गोष्ट

नमस्कार मंडळी! आयर्लंडच्या वेक्सफर्ड काउंटीत, समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ टोकावर हूक दीपगृह उभं आहे. तेराव्या शतकात विल्यम मार्शल या बड्या सरदाराने ते बांधून घेतलं, आपल्या न्यू रॉस बंदराकडे येणारी जहाजं वाट चुकू नयेत म्हणून. पुस्तकांत नाव येतं ते मार्शलचंच. पण दिवा पेटता ठेवला तो दुसऱ्यांनीच, आणि आज मला त्यांच्याविषयी बोलायचंय.

पहिले राखणदार होते ख्रिस्ती भिक्षू. मनोऱ्यातच त्यांचा मुक्काम. दिवा म्हणजे काय, तर माथ्यावर उघड्यावर पेटवलेला जाळ! विचार करा, अटलांटिकचा वारा, पाऊस, आणि जळण रोज खालून वर चढवायचं. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांनी हे काम केलं.

भिक्षू गेले, पगारी राखणदार आले. कोळशाची आग बरीच वर्षं टिकली, मग १७९१ मध्ये देवमाशाच्या तेलाचे दिवे आले. १८७१ पासून दिव्याला लागणारा गॅस तिथेच, दीपगृहाच्या आवारात तयार व्हायचा.

आणि १९११? रॉकेलचा दिवा आला, सोबत घड्याळासारखी एक यंत्रणा. तिच्यामुळे दिवा एकसारखा न दिसता लुकलुकायला लागला. खलाशी लुकलुकण्याच्या तालावरून दीपगृह ओळखतात, त्यामुळे तो ताल चुकून चालत नाही. पण यंत्रणेला दर २५ मिनिटांनी चावी द्यावी लागायची. डिसेंबरात तिथली रात्र साधारण सोळा तासांची. हिशोब करा, एका रात्रीत जवळपास ३८ वेळा! ज्याची पाळी, त्याने एकदाही डोळा लागू द्यायचा नाही. मला तर या नोकरीतलं सगळ्यात कठीण काम हेच वाटतं. वादळाशी झुंजायला अंगात बळ येतं, पण काहीच घडत नसताना दर २५ मिनिटांनी उठायचं, तेही वर्षानुवर्षं, त्याला वेगळीच चिकाटी लागते.

१९७२ मध्ये वीज आली. १९९६ मध्ये दिवा स्वयंचलित झाला आणि शेवटच्या राखणदारांनी हूक सोडलं. दिवा मात्र आजही लागतो.

२००१ पासून मनोरा लोकांना पाहायला खुला आहे. वर जायला ११५ पायऱ्या आहेत, जाडजूड दगडी भिंतीच्या आतूनच काढलेल्या. कधी गेलात तर त्या चढताना खांद्यावर कोळशाचं ओझं आहे असं समजा, आणि किती पायऱ्यांवर दम लागला ते मला कमेंटमध्ये नक्की कळवा.