पबच्या माडीवरचे गायक

नमस्कार, श्रोतेहो. आज मी तुम्हाला इंग्लंडमधल्या फोक क्लबांविषयी सांगणार आहे. त्यातही जास्त करून तिथे दर आठवड्याला न चुकता येणाऱ्या आणि गाणाऱ्या माणसांविषयी. ही माणसं मोठ्या रंगमंचावर क्वचितच दिसतात, पण इंग्लंडचं लोकसंगीत आज गायलं जातंय ते माझ्या मते मुख्यतः त्यांच्यामुळे.

क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्वतःची इमारत आणि सभासदत्वाची फी येते. इथे तसं काही नसतं. एखाद्या पबची माडी किंवा मागची खोली आणि आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ, एवढ्यावर क्लब चालतो. दारात टेबल टाकून कुणीतरी प्रवेशाचे पैसे घेतं. मध्यंतरात सोडतीची तिकिटं विकतात. पाहुण्या कलाकाराची बिदागी यातूनच उभी राहते. मायक्रोफोन बहुतेक ठिकाणी नसतोच, आणि खोली एवढीशी असते की त्याची गरजही पडत नाही.

संध्याकाळ सुरू करतात ते रेसिडेंट, म्हणजे त्या क्लबचे घरचे गायक. मग श्रोत्यांतून एकेक जण उठून दोन-तीन गाणी म्हणतो. हे फ्लोअर सिंगर. पाहुणा असेल तर त्याचं गाणं दोन भागांत होतं. पाहुणा नसेल त्या दिवशी खुर्च्या गोलात मांडतात आणि पाळीपाळीने सगळे गातात. कुणी वीस-वीस कडव्यांचं जुनं कथागीत तोंडपाठ म्हणतो, कुणी कॉन्सर्टिनाच्या, म्हणजे हातात धरून वाजवायच्या छोट्या भात्याच्या वाद्याच्या साथीवर खलाशांची गाणी, तर कुणी नुसता कानावर हात ठेवून, वाद्याशिवाय. गायचं नसेल तर नुसतं ऐकायलाही मुभा असते. मात्र ध्रुवपद आलं की गप्प कुणीच राहत नाही. आपल्या भजनी मंडळात टाळकरी जसं ध्रुवपद उचलून धरतात, तसंच. नवख्याचा आवाज पहिल्या कडव्यात कापत असेल, तर ध्रुवपदाला सगळी खोली त्याला सावरून घेते आणि दुसऱ्या कडव्याला तो नीट उभा राहतो. गाणं शिकायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

हे क्लब फोफावले ते १९५० च्या दशकात. तेव्हा तिथल्या तरुणांना स्किफल संगीताचं वेड लागलं होतं. गिटार, कपडे घासायची पत्र्याची फळी, चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी लावून केलेला बास, एवढ्या सामानावर बँड उभा राहायचा. लॉनी डॉनेगन या स्किफल गायकाचं गाणं १९५६ मध्ये गाजलं आणि गल्लोगल्ली पोरं वाजवू लागली. स्किफलमधली गाणी बहुतेक अमेरिकन. ती गाता गाता काहींना प्रश्न पडला, की आपल्या मुलखातली गाणी कुठे आहेत? ब्रॅडफर्डचा टॉपिक फोक क्लब त्याच १९५६ सालचा. जगातल्या सर्वांत जुन्या फोक क्लबांत त्याची गणना होते. लंडनमध्ये इवान मॅकॉल आणि पेगी सीगर या गायकांच्या सिंगर्स क्लबने तर नियमच केला, की गायकाने आपल्या भाषेतली, आपल्या परंपरेतलीच गाणी गावीत. नियम कडक होता आणि त्यावरून वादही पुष्कळ झाले. मला मात्र तो मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे अनेकांना आपापल्या भागातली गाणी शोधत जावं लागलं.

हल शहरात नॉर्मा, माइक आणि लाल ही वॉटरसन भावंडं आणि त्यांचा नात्यातला भाऊ जॉन हॅरिसन यांनी स्वतःचा क्लब चालवला. वाद्यांशिवाय, नुसत्या एकमेकांत मिसळलेल्या आवाजांत ते गायचे. त्यांचं ऐकून पुढच्या कितीतरी जणांनी तशा गाण्याची वाट धरली.

आणि आता मार्टिन कार्थी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा तरुण लंडनच्या ट्रूबाडोर कॉफीहाउसमध्ये रेसिडेंट होता. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलन पहिल्यांदा लंडनला आला आणि या क्लबांतून हिंडू लागला. दोघेही एकवीस वर्षांचे, कार्थी अवघा तीन दिवसांनी मोठा. कार्थी ‘स्कारबरो फेअर’ हे जुनं गाणं गायचा. ते डिलनने ऐकलं आणि त्यातून स्वतःचं नवं गाणं रचलं. १९६५ मध्ये पॉल सायमन या दुसऱ्या अमेरिकन गायकाने तेच जुनं गाणं कार्थीकडून उचललं आणि पुढे सायमन आणि गारफंकेल यांच्या आवाजात ते जगभर गेलं. पण कार्थीकडे तरी ते कुठून आलं? मॅकॉल आणि सीगर यांच्या संग्रहातून. मॅकॉलने ते घेतलं होतं उत्तर इंग्लंडच्या टीसडेल खोऱ्यातल्या मार्क अँडरसनकडून. अँडरसन हा शिशाच्या खाणीत काम करून निवृत्त झालेला माणूस. खाणकामगार, मग संग्राहक, मग क्लबचा घरचा गायक, अशा हातांतून ते गाणं गेलं. जगाला सायमन आणि गारफंकेल ही शेवटची दोन नावंच ठाऊक आहेत. क्लबात मात्र आजही कुणी हे गाणं म्हणायच्या आधी ते आपण कुणाकडून शिकलो हे सांगतो. ही पद्धत मला फार आवडते.

अडचणी आहेतच. पब बंद पडला की क्लबची खोली जाते, नवी शोधावी लागते. नेहमीची मंडळी वयस्कर होत चालली आहेत आणि तरुण मोजकेच येतात. काही वर्षं परवान्याचीही कटकट होती. पूर्वी एक किंवा दोन गायक असतील तर पबला वेगळा परवाना लागत नसे. २००३ च्या कायद्याने ती सवलत काढून घेतली. पुढे २०१२ च्या लाइव्ह म्युझिक अॅक्टने सकाळी आठ ते रात्री अकरापर्यंत ध्वनिवर्धकाशिवायच्या गाण्याला मोकळीक दिली, आणि छोट्या क्लबांचा जीव भांड्यात पडला.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी शिकायला किंवा मुलांकडे राहायला तिकडे जाणार असाल, तर अशा एखाद्या क्लबात जरूर जा. थोडं लवकर पोहोचा आणि दारातल्या टेबलाशी सांगा, की मला एक गाणं म्हणायचंय. मराठी चालेल का, अशी शंका मनात आणू नका. जात्यावरची ओवी म्हणा, गवळण म्हणा. आधी दोन वाक्यांत अर्थ सांगा, ते कुणाकडून शिकलात तेही सांगा, आणि ध्रुवपद असेल तर एकदा सावकाश म्हणून दाखवा. दुसऱ्या खेपेला ती मंडळी तुमच्याबरोबर गातील. नमस्कार.