वाड्याला जुळी कोकरं

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी उलटली की फलटण-माणच्या बाजूचे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरणारी कुटुंबं, घाट उतरून कोकणाकडे निघतात. भाताच्या मोकळ्या खाचरात रात्री मेंढरं बसवायची, शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. ही वाट चालायला दख्खनी मेंढीच पाहिजे. उन्हाला, उपाशीपणाला चिवट. पण ती वेताला बहुधा एकच कोकरू देते. ते दगावलं तर त्या वेताची सगळी कमाई गेली.

हे दुखणं फलटणच्या बनबिहारी निंबकरांनी ओळखलं. त्यांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था उभी केली. तिथल्या मेंढ्यांच्या कामाबद्दल आज मला मनापासून बोलायचं आहे.

बंगालमध्ये सुंदरबनच्या दलदलीत गरोल नावाची मेंढी आहे. अंगानं एवढीशी, जेमतेम दहा-पंधरा किलोची, पण जुळी-तिळी तिला नवी नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालची मेंढरं जहाजातून ऑस्ट्रेलियात गेली होती. तिथल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांना भरपूर कोकरं होतात, त्यामागे ‘फेक-बी’ हे एक जनुक आहे, आणि ते याच बंगाली मेंढीकडून गेलं असं पुढे शास्त्रज्ञांनी दाखवलं. निंबकरांनी गरोल मेंढ्या थेट फलटणला आणल्या.

खरी मेहनत त्यानंतरची. गरोलचा नुसता संकर करून भागत नाही, कारण कोकरं बारकी निपजतात आणि बाजारात त्यांना कोण विचारणार? म्हणून संकरित मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा दख्खनी नरांना दाखवायच्या, आणि दर पिढीत रक्त तपासून जनुक असलेलीच पुढे ठेवायची. बंगालचं एवढं एक जनुक घ्यायचं, बाकी सगळा देह दख्खनचा. संस्थेतल्या डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम वर्षानुवर्षं चिकाटीनं केलं. त्यातून उभी राहिली ‘नारी सुवर्णा’ मेंढी; ‘नारी’ हे संस्थेचंच इंग्रजी लघुनाव. जनुकाची एक प्रत मिळाली तरी मेंढीला जुळी होण्याचं प्रमाण चांगलंच वाढतं.

या मेंढ्या धनगरांच्या कळपांत गेल्या, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथे झाली. दोन कोकरांना दूध पुरतं का, अशक्त पिल्लाला बाटली कोण लावणार, गाभण मेंढीला खुराक कुठून आणायचा, हे प्रयोगशाळेत कळत नाही. ते वाड्यावरच्या बाईला कळतं, कारण कोकरं तीच सांभाळते. निंबकरांचा गौरव करताना या बायांचं ऋण मला त्याच तोलाचं वाटतं.

आणि वाड्याबरोबर चालणारं ते छोटं, काटक घोडं! भीमथडी. अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. ते टिकवलं ते या फिरत्या माणसांनी. पुढच्या वेळी वाडा दिसला तर त्या घोड्याच्या पाठीकडे बघा. भांडी, घोंगड्या लादलेल्या असतात, आणि मधल्या झोळीतून नुकतीच जन्मलेली कोकरं तोंड बाहेर काढून बघत असतात.