जहाज धक्क्याला, गेट बंद

(पहाट. उरणचा रस्ता. ट्रेलरची रांग.)

न्हावा शेवा. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातलं हे बंदर. या रस्त्याला रात्र अशी नसतेच, ट्रेलर येतच राहतात. प्रत्येक ट्रेलरवर एक डबा, म्हणजे कंटेनर, आणि प्रत्येक डब्यावर हा नंबर: चार अक्षरं, सात आकडे. शेवटचा, चौकटीतला आकडा आधीच्या दहांवरून हिशेब करून काढलेला असतो. टाइप करताना एखादं अक्षर चुकलं, तर सहसा कॉम्प्युटर तिथेच अडवतो.

निर्यातीचा डबा असेल तर ड्रायव्हर गेटवर फॉर्म थर्टीन, म्हणजे डबा आत न्यायचा कागद, दाखवतो. नंबर सिस्टिममध्ये जातो आणि डब्याची जागा ठरते. कुठला ब्लॉक, कुठली रांग, खालून कितवा. वर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला ती जागा समोरच्या स्क्रीनवर दिसते. डब्यांच्या या गावात कोण कुठे राहतं, हे त्या सिस्टिमलाच ठाऊक.

27 जून 2017 ला इथल्या एका टर्मिनलची सिस्टिम बंद पडली.

(नकाशा. युक्रेन.)

ती बंद पाडणारा व्हायरस निघाला होता युक्रेनमधून. तिथल्या कंपन्या कराच्या हिशेबासाठी एमईडॉक नावाचं सॉफ्टवेअर वापरायच्या. आपल्याकडे टॅली, तसं तिकडे ते. हल्लेखोर ते बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरले आणि अपडेटच्या वाटेने आपला प्रोग्राम ग्राहकांच्या मशीनवर उतरवला. कुणी भलत्या लिंकवर क्लिक केलं नव्हतं. या प्रोग्रामला पुढे नाव पडलं नॉटपेट्या.

व्हायरसला पसरायला माणसाचा हात लागतो. आधी फ्लॉपी होती, मग पेनड्राइव्ह आली, ईमेलची अटॅचमेंट आली. वर्म नावाचा प्रकार मात्र स्वतःच्या पायांनी चालतो. नॉटपेट्या वर्मसारखा चालला आणि त्याला पाय दोन होते.

पहिला पाय, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली एक भेग. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडे या भेगेतून शिरायचं हत्यार होतं. एप्रिल 2017 मध्ये शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने ते इंटरनेटवर टाकलं. पण भेग बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं! मे महिन्यात याच भेगेतून वॉनाक्राय नावाचा वर्म जगभर फिरला, बातम्या झाल्या. तरीही जून उजाडला तेव्हा अपडेट न केलेली मशीनं जागोजागी चालू होती.

दुसरा पाय जास्त वाईट. एका मशीनमध्ये शिरलं की तिथल्या मेमरीत पडलेले यूजरनेम आणि पासवर्ड उचलायचे, आणि त्याच किल्ल्यांनी शेजारची मशीनं उघडायची. अ‍ॅडमिनचा, म्हणजे सगळ्या मशीनांवर अधिकार असलेल्याचा, पासवर्ड हाती लागला की अपडेट केलेलं मशीनही सुटत नाही. कोपऱ्यातला तो जुना पीसी, ज्याच्याबद्दल आपण म्हणतो की याच्यावर फक्त प्रिंट काढतो, तो सगळ्या ऑफिसला पुरतो.

(काळा पडदा.)

मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची: डिस्क दुरुस्त होत आहे, बंद करू नका. दुरुस्ती कसली? त्या वेळात डिस्कवरच्या फाइलींची अख्खी अनुक्रमणिका कुलूपबंद होत होती. मग लाल अक्षरात खंडणीची मागणी, 300 डॉलर, बिटकॉइनमध्ये. पैसे भरूनही उपयोग नव्हता. ते कुलूप उघडता येईल अशी सोयच ठेवलेली नव्हती.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या युक्रेनमधल्या ओडेसाच्या ऑफिसात एका मशीनवर एमईडॉक होतं. तिथून नॉटपेट्या कंपनीच्या नेटवर्कभर गेला, आणि त्याच समूहातलं न्हावा शेव्याचं टर्मिनल थांबलं. इथे हाताने कागदावर नोंदी सुरू झाल्या. अडकलेल्या डब्यांसाठी बंदराने पार्किंगची जागा दिली. मर्स्कने पुढे 25 ते 30 कोटी डॉलरचं नुकसान सांगितलं. रांगेतल्या ट्रेलरवाल्यांच्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब वेगळा.

(नकाशा. घाना.)

कंपनी उभी कशी राहिली, ते मात्र सावकाश ऐका. कुणाला कुठे शिरायची परवानगी, याची यादी सांभाळणारे मर्स्कचे सुमारे दीडशे सर्व्हर होते, एकमेकांना जोडलेले. एक गेला तर दुसऱ्यावरून प्रत घ्यायची, ही योजना. ते सगळे एकदमच गेले. वाचला एक, आफ्रिकेतल्या घानाच्या ऑफिसातला. हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती, म्हणून तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हता. त्याची डिस्क माणसांच्या हातांनी, विमानाने, नायजेरियामार्गे इंग्लंडला नेली. तिच्यावरून नेटवर्क पुन्हा उभं राहिलं. 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी 10 दिवसांत नव्याने बसवले.

तारेपासून सुटी असलेली एक डिस्क.

(उरण. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.)

आता टेबलावरची ही पेनड्राइव्ह पाहा. झेरॉक्सच्या दुकानातून आली आहे. आत नेहमीचे फोल्डर दिसतात, नावंही तीच. फक्त प्रत्येक चित्राच्या डाव्या कोपऱ्यात हा छोटासा वाकडा बाण. हे फोल्डर नव्हेतच, शॉर्टकट आहेत. खरे फोल्डर लपवलेत. बाणावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डरही उघडतो, म्हणून काही झालं असं वाटतच नाही. पुढची पेनड्राइव्ह लावली की तिच्यावरही बाण येतात.

याच दुकानात एक वाक्य आमच्या कानावर पडलं, आणि ते उरणपुरतं नाही: "अपडेट बंद करून देतो, पीसी स्लो नाही होणार." ग्राहक खूश होतो. कॉपी मारलेल्या विंडोजवर तर अपडेट बंदच ठेवतात. आम्हाला हे पोटतिडकीने सांगायचंय, ते सुरू करा. विंडोज 10 ला नेहमीची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 नंतर थांबली आहेत, तो पीसी असेल तर बदलाचा विचार आजच करा. आणि रोजचं बिलिंग अ‍ॅडमिन खात्यातून करू नका. साधं खातं उघडायला पाच मिनिटं लागतात.

(ट्रेलरची केबिन. मोबाइल.)

ड्रायव्हरदादांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपला आलेली ही फाइल. नाव आरटीओ चलान, शेवटी एपीके, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल. चलान एपीके फाइलमध्ये कधीच येत नाही. हे अ‍ॅप टाकलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे बँकेचा ओटीपी त्याच्या हातात. मग तीच फाइल दादांच्या नावाने त्यांच्या ओळखीच्यांना जाते. ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून ते उघडतात. फसवणूक झाली तर 1930 या नंबरवर लगेच फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले, तर तिथेच येतात.

(वाहतूक कंपनीचं बुकिंग ऑफिस. संध्याकाळ.)

हे आठ बाय दहाचं ऑफिस. बिल्टी, डिझेलचा हिशेब, पार्टीचे येणे, सगळं या एका पीसीवर. ताई शनिवारी काम संपलं की बाहेरची हार्डडिस्क जोडतात, टॅलीचा बॅकअप घेतात. मग त्यातली एक फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघतात, कारण न उघडणारा बॅकअप म्हणजे बॅकअपच नव्हे. डिस्क जोडून ठेवली तर मशीनबरोबर तीही कुलूपबंद होते, म्हणून त्या वायर काढतात. डिस्क रुमालात गुंडाळतात. लोखंडी कपाटात, लेटरहेडच्या गठ्ठ्याखाली ठेवतात आणि कपाट लावतात.

बाहेर ट्रेलर गेटकडे सरकतोय.