कितव्या मजल्यावर राहता? टीबीचा त्याच्याशी संबंध आहे

नमस्कार मंडळी. झोपडी गेली, पक्कं घर मिळालं, की तब्येत सुधारणार, असं आपण धरूनच चालतो. सरकारी मोजणीही तिथेच थांबते: किती कुटुंबं हलवली, किती चाव्या वाटल्या. त्या घरात माणसं कशी जगतात, हे कोण मोजतं?

मुंबईत एकदा मोजलं गेलं. गोवंडी-मानखुर्दकडे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी अशा तीन पुनर्वसन वसाहती आहेत. 2018 मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात ‘डॉक्टर्स फॉर यू’ या स्वयंसेवी संस्थेच्या लोकांनी घरोघरी जाऊन टीबीची माहिती गोळा केली. सोबत होती आयआयटी मुंबई. त्याच इमारतींत उजेड किती पोचतो, वारा किती खेळतो, खिडकीतून आभाळ किती दिसतं, याचा हिशोब मांडला गेला. मग दोन्ही जुळवून पाहिलं.

लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये दोन इमारतींत अंतर जेमतेम 3 मीटर. खाली भरदुपारीसुद्धा ट्यूबलाइट लावावी लागते. टीबी जास्त निघाला तो खालच्याच मजल्यांवर. पीएमजीपीत इमारती जरा मोकळ्या आहेत, तिथे प्रमाण कमी.

मजल्यांची ही तुलना मला फार मोलाची वाटते. ‘गरिबांना टीबी होतोच’ असं म्हणून विषय झटकला जातो ना, त्याला इथे उत्तर मिळतं. पहिल्या मजल्यावरचं कुटुंब आणि सातव्यावरचं, दोघंही प्रकल्पग्रस्त, दोघांचीही खोली 225 चौरस फुटांची. फरक आहे तो उजेडाचा आणि वाऱ्याचा. टीबीचे जंतू कोंडलेल्या हवेत तासन् तास तरंगतात. वारा त्यांना पांगवतो, ऊन मारतं.

आता, आजार नव्या घरात जडला की आधीपासून होता, हे एकाच पाहणीतून ठरत नाही. त्यासाठी हलवण्याआधीची नोंद लागते. आणि ती अशक्य मुळीच नाही! टीबीचा प्रत्येक रुग्ण कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे. त्या नोंदीत विंग आणि मजला टिपायला कितीसा वेळ लागतो?

धारावीत पुनर्विकासासाठी 2024 मध्ये घरोघर सर्वेक्षण सुरू झालं, खोल्यांवर नंबर पडले. त्याच नंबराला, नावं गुप्त ठेवून, आजची आरोग्याची नोंद जोडा. नव्या इमारतीत पाच वर्षांनी पुन्हा तपासा. धारावीत राहणाऱ्यांनी ही मागणी आत्ताच, जुनी खोली पडण्याआधी, लेखी करावी.