सहाच्या सहा परत: रिव्हॉल्व्हरवाल्यांचं रीलोडिंग

(गॅरेज. लाकडी बाक, त्यावर उघडं रिव्हॉल्व्हर.)

रिव्हॉल्व्हरचं चक्र डावीकडे बाहेर येतं. दांडा दाबला की सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम तळहातावर पडतात. ऑटोमॅटिक पिस्तूल प्रत्येक बाराबरोबर आपली पुंगळी लांब भिरकावतं, मग ती गवतात शोधत बसायची. रिव्हॉल्व्हर मात्र सगळ्या जपून ठेवतं आणि मागितल्या की परत देतं. रीलोडिंग म्हणजे वापरलेली पुंगळी घरीच पुन्हा भरून नवं काडतूस करणं. या व्हिडिओत जे काही बघणार आहात ते याच सहा पितळी पुंगळ्यांच्या जोरावर चालतं. नव्या काडतुसाच्या सुट्या भागांत सर्वांत महाग भाग हाच, आणि पुन्हा वापरता येणारा भागही हाच.

आपण अमेरिकेत, नेब्रास्का राज्यात आहोत. समोरचे गृहस्थ यंत्रशाळेतून निवृत्त झालेत. त्यांच्या हातात स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० आहे. ही घडण १८९९ ची, आणि ती ज्या .३८ स्पेशल काडतुसासाठी घडली ते काडतूसही त्याच सुमाराचं. पुढची कित्येक दशकं अमेरिकी पोलिसांच्या कमरेला हीच जोडी होती. या घडणीची साठ लाखांहून जास्त रिव्हॉल्व्हरं बनली. मग १९८० च्या दशकात पोलीस खाती ९ मिलिमीटरच्या पिस्तुलांकडे वळली आणि कारखान्यांची नजरही तिकडे वळली.

रिव्हॉल्व्हर बिघडलेलं नाही. नीट ठेवलं तर नातवंडांच्याही हाती चालेल. अडतं ते काडतुसापाशी.

(दुकानाची मांडणी. रिकामे कप्पे.)

काडतुसांची मागणी एकदम वाढली की कारखाने आपली यंत्रं ९ मिलिमीटर आणि रायफलच्या .२२३ वर लावतात, कारण खप त्यांचाच. .४४ स्पेशल, .४५ कोल्ट, .४१ मॅग्नम, .३२ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची पाळी मग लांबत जाते. २०१३ मध्ये हे झालं. २०२० मध्ये तर फारच झालं. बंदूक घेणाऱ्यांच्या एफबीआयकडे होणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्या २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख होत्या, त्या २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. त्याच वर्षी जुलैत रेमिंग्टन कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे लोक दुकानाबाहेर रांगा लावत होते, तेव्हाच देशातला एक मोठा काडतूस कारखाना मालक बदलण्याच्या गडबडीत होता. पन्नासाचा .३८ चा खोका, जो आधी वीस डॉलरच्या आत-बाहेर मिळायचा, तो पन्नासच्या पुढे गेला, आणि तोही मिळाला तर.

टंचाई ओसरली, पण दर जुन्या जागी आले नाहीत. आजही .३८ स्पेशल ९ मिलिमीटरच्या जवळपास दुप्पट भावानं जातं. .४५ कोल्टचं एक काडतूस डॉलरच्या घरात पडतं. सहा वेळा घोडा दाबला की सहा डॉलर.

(टंबलर सुरू. आवाज राहू द्यावा, चार सेकंद निवेदन नाही.)

म्हणून हा आवाज. या थरथरत्या भांड्यात मक्याच्या कणसाच्या बुरकुंडांचा भुगा आहे. त्यात काळवंडलेल्या पुंगळ्या दोन-तीन तास घोळवल्या की पितळ पुन्हा पिवळंधमक होतं. पण ही सफाई देखणेपणासाठी नाही. काजळी निघाल्याशिवाय तडा दिसत नाही, आणि तडा गेलेली पुंगळी भरायची नसते. कॅमेरा जवळ न्यायला सांगितलं ते यासाठीच. तोंडाशी, अगदी काठावर, केसाएवढी रेघ आहे. गृहस्थांनी ती नखानं चाचपली आणि पुंगळी बाजूच्या डब्यात टाकली. .३८ स्पेशलचा दाब कमी असतो, त्यामुळे याची पुंगळी वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा भरता येते. जाते ती बहुतेक अशी तोंडापासूनच, कारण दर भरणीला तेच तोंड उमलतं आणि तेच पुन्हा मिटतं.

आता प्रेस. ओतीव लोखंडाची चौकट, तिच्यात वर-खाली होणारा दट्ट्या आणि बाजूला लांब दांडा. याला सिंगल स्टेज प्रेस म्हणतात. एका वेळी एकच काम करतो आणि पिढ्यान् पिढ्या टिकतो. ज्यांना तासाला शेकड्यांनी काडतुसं हवीत ते प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतात, त्यात एका दांड्यासरशी चार-पाच कामं उरकतात. वेग मोठा मोह आहे. पण नव्या माणसानं या साध्या प्रेसवरच हात बसवावा असं मला ठामपणे वाटतं, कारण इथं प्रत्येक पुंगळी प्रत्येक टप्प्यावर तुमच्या बोटांतून जाते आणि चूक बोटांना आधी कळते.

पहिला डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा साचा. बार उडाला की पुंगळी फुगून चक्राच्या भोकाला चिकटते. हा डाय तिला दाबून मूळ मापावर आणतो आणि आतली पिन जळलेला प्राइमर, म्हणजे पावडरला ठिणगी देणारी बुडातली छोटी टोपी, खाली पाडते. डायच्या आत कार्बाइडची कडी आहे, म्हणून पुंगळीला वंगण लावावं लागत नाही. जुन्या पोलादी डायवर एकेक पुंगळी तेलकट करून घ्यावी लागायची. दुसरा डाय पुंगळीचं तोंड किंचित उमलवतो. किंचितच, पण तेवढं हवंच. नाहीतर गोळी बसताना तिचं शिसं खरवडून निघतं. मग बुडाच्या खळग्यात नवा प्राइमर. तो पृष्ठभागाच्या वर राहता कामा नये. वर राहिला तर चक्र अडकतं. गृहस्थ प्रत्येक बुडावरून बोट फिरवतात, बघत नाहीत.

मग पावडर, म्हणजे बंदुकीची दारू. इथं आमच्या कॅमेरामननं आणि मी, दोघांनीही बोलणं बंद केलं, कारण गृहस्थांनी रेडिओसुद्धा बंद केला होता.

.३८ ची पुंगळी काळ्या दारूच्या काळातल्या मापाची आहे, पोट मोठं. आजची धूरविरहित पावडर तिच्या तळाशी जेमतेम दिसते. म्हणजे चुकून दुप्पट पडली तरी ती बाहेर सांडत नाही, आत निमूट मावते आणि बारासरशी रिव्हॉल्व्हर फोडू शकते. रीलोडिंगमधला सर्वांत मोठा धोका हा. त्यावरचा उपाय समोर आहे: पन्नास भोकांची लाकडी फळी, पन्नास पुंगळ्या तोंड वर करून उभ्या, आणि वाकवलेला दिवा. प्रत्येक पुंगळीत डोकवायचं. पातळी शेजारणीसारखीच हवी. एकीबद्दल जरी शंका आली तरी ती ओतून पुन्हा तोलायची. माप ग्रेनमध्ये असतं. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. काट्यावर त्याच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. कुठल्या गोळीमागे कुठली पावडर किती, हे पावडर कंपनीच्या छापील तक्त्यात बघायचं. मित्रानं सांगितलं, कुठं ऐकलं, आधीच्या वेळी चाललं होतं, यातलं काही ग्राह्य धरायचं नाही. बाकावर एका वेळी पावडरचा एकच डबा असतो, बाकीचे कपाटात.

शेवटचा डाय गोळी आत बसवतो आणि पुंगळीची कड गोळीवरच्या खाचेत आत वळवतो. याला क्रिंप म्हणतात, आणि रिव्हॉल्व्हरला त्याचं महत्त्व जास्त. एक बार उडतो तेव्हा चक्रातली उरलेली पाच काडतुसं धक्क्यानं मागे ओढली जातात, गोळी मात्र जागच्या जागी राहू पाहते. क्रिंप ढिली असेल तर ती सरकत सरकत पुढे येते, चक्राबाहेर टोक काढते आणि चक्र फिरायचं थांबतं. भिंगातून बघा: कड गोळीत कशी वळली आहे, चारही बाजूंनी सारखी.

एक काडतूस झालं. हिशेब करू. प्राइमर सात-आठ सेंट. पावडर तीन सेंटच्या आत, कारण एका पौंडात .३८ ची हलकी काडतुसं दीड हजाराच्या आसपास होतात. ओतीव शिशाची विकतची गोळी दहाएक सेंट. पुंगळी घरचीच. सगळे मिळून वीस सेंटच्या घरात, जिथं दुकानातलं काडतूस पन्नासच्या आसपास आहे. प्रेस, डाय, काटा यांचे सुरुवातीचे दोन-अडीचशे डॉलर हजारभर काडतुसांत वसूल होतात. .४४ स्पेशल किंवा .४५ कोल्टवाल्यांचे त्याहूनही लवकर.

आणि रिव्हॉल्व्हरला हलकं काडतूस चालतं. पिस्तुलाला स्वतःची यंत्रणा मागे ढकलायला काडतुसाचा जोर लागतो, जोर कमी पडला तर ते अडतं. रिव्हॉल्व्हरचं चक्र माणसाचं बोट फिरवतं. म्हणून संधिवातानं बोटं आखडलेला माणूसही तक्त्यातलं सौम्य माप घेऊन सरावाला उभा राहू शकतो. दुकानात अशी सौम्य काडतुसं शोधून बघा, किती मिळतात ते.

(शिशाची भट्टी. उतरता प्रकाश.)

ज्यांना आणखी खाली उतरायचं आहे ते गोळीही घरीच ओततात. शिसं ३२७ अंशांना वितळतं. चांदीसारखा पृष्ठभाग, त्यावर राखाडी साय. मेणाचा तुकडा टाकून ढवळलं की धूर होतो, कचरा वर येतो आणि चमच्यानं काढता येतो. नुसतं शिसं मऊ पडतं, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी. पूर्वी हा माल धातूची अक्षरं ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्रांच्या छापखान्यांतून भंगारात यायचा: कुणाच्या तरी लग्नाची, कुणाच्या तरी निधनाची बातमी छापून झालेला धातू. चाकाचा तोल साधायला लावलेली टायरची वजनंही यायची. आता त्यांत जस्त जास्त असतं, आणि कॅलिफोर्नियानं तर २०१० पासून शिशाची वजनंच बंद केली. जस्त वितळायला ४२० अंश लागतात, म्हणून भट्टी त्याच्या खाली ठेवायची. जस्ताचे तुकडे तरंगतात, ते उचलून टाकायचे.

साच्यात धार सोडली. वरचं शिसं चमकदार आहे तोवर हलवायचं नाही. त्यावर मंदपणा आला की लाकडी दांडक्यानं वरची पट्टी ठोकायची, साचा उघडायचा, आणि गोळ्या घडी घातलेल्या टॉवेलवर. हे दृश्य आम्ही लांबवलं आहे. लांबवण्यासारखंच आहे.

शिशाची वाफ आणि धूळ अंगात जाते, म्हणून दार उघडं, पंखा चालू, हात धुतल्याशिवाय खाणं नाही, मुलं या खोलीत नाहीत. भट्टीत पाण्याचा थेंब पडला तर शिसं उसळून अंगावर येतं. आणि पावडर न पडलेल्या काडतुसाची गोळी नळीत अडकून मागून दुसरी सुटली तर बंदूक फाटते, हात जाऊ शकतो. हे सगळं खरं आहे आणि होतं.

(संगणकाचा पडदा, मग कागदावरचा हिशेब.)

रीलोडिंग करायचं नसेल तर निदान खरेदी डोळसपणे करावी. खोक्याच्या किमतीवर जाऊ नका. वाहतूक आणि कर धरून एकूण रक्कम घ्या आणि काडतुसांच्या संख्येनं भागा. सरावाचा खोका पन्नासाचा असतो, स्वसंरक्षणाचा बरेचदा विसाचा, म्हणून नुसत्या खोक्यांच्या किमती ताडून चालत नाही. टपाल खातं काडतुसं नेत नाही, ती खासगी कुरिअरनंच येतात, म्हणून थोडी-थोडी मागवणं अंगाशी येतं. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये काडतुसांसाठीही तपासणी सुरू झाली आणि २०२४ पासून ११ टक्के जादा कर आहे. तिथं हिशेब वेगळा. आणि .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर असेल तर त्यात .३८ स्पेशल बिनधास्त वापरता येतं. पुंगळी थोडी आखूड, बाकी माप तेच. फक्त भोकांत काजळीचं कडं साचतं ते ब्रशनं घासून काढायचं. उलट, .३५७ चं काडतूस .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालू नये.

पावडर आणि प्राइमर मागवताना धोकादायक मालाचं शुल्क लागतं. एका पाकिटावर ते वीस-तीस डॉलर असू शकतं, मग माल एक डबा असो की दहा. म्हणून इथले चार-पाच जण मिळून एकदम मागवतात आणि या बाकावर वाटून घेतात. मूळ डब्यांतच. पावडर दुसऱ्या बरणीत ओतणं हा इथं गुन्ह्यासारखा मानतात, आणि बरोबर मानतात.

शेवटची अडचण प्राइमरची. शिसं ओतता येतं, पुंगळी जपता येते, पावडरीचा एक डबा वर्ष काढतो. प्राइमर घरी करायची वस्तू नाही. त्यातलं मिश्रण नुसत्या घर्षणानं उडतं. अमेरिकेत त्यांची मोठी नावं चारच: फेडरल, सीसीआय, रेमिंग्टन, विंचेस्टर. त्यांतली पहिली तीन नोव्हेंबर २०२४ पासून एकाच परदेशी मालकाकडे, चेकोस्लोव्हाक ग्रुपकडे आहेत. टंचाईत कारखाने प्राइमर आधी स्वतःच्या काडतुसांना लावतात, उरले तर सुटे विकतात. २०२१ मध्ये हजाराचा खोका, जो आधी तीस-पस्तीस डॉलरला मिळायचा, तो हातोहाती शंभराच्या पुढे विकला जात होता. ज्यांच्या कपाटात आधीचे प्राइमर होते, त्यांचे प्रेस त्या दोन वर्षांत थांबले नाहीत. आज माल आहे, भाव उतरलेले आहेत. प्रेस नंतर घेतला तरी चालेल. प्राइमर आत्ता घ्या, वर्षभराच्या सरावाला पुरतील इतके, आणि कोरड्या जागी, मूळ खोक्यातच ठेवा.