बी उलटं पडलं तर काय होतं?

हे बघा, काचेच्या बरणीत आतून ओला टिपकागद लावलाय आणि काच न कागदाच्या मधी सोयाबीनचे चार दाणे अडकवलेत. एकाचा डोळा खाली, एकाचा वर, दोन आडवे. डोळा म्हणजे दाणा शेंगेला जिथं चिकटलेला असतो तो ठिपका, मोड त्याच्या शेजारूनच फुटतो. आता टाइमलॅप्स बघा. डोळा खाली असलेल्याचं मूळ सरळ खाली गेलं, त्यात काय विशेष नाही. उलट्या दाण्याकडं लक्ष ठेवा. मूळ वर निघालं, थोडं वाढलं, आणि मग वळलं बघा, अख्ख्या दाण्याला वळसा घालून खालीच गेलं. पोहोचायला उशीर झाला, पण चुकलं नाही.

परभणी जिल्ह्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. प्रयोगशाळा म्हणाल तर खिडकीतली ही एक फळी. लेकरांनी पुढं काय केलं, तर मुळं बोटभर झाल्यावर बरणीच आडवी करून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुळाला काटकोन पडलेला.

खाली कुठंय हे मुळाला कळतं कसं? मुळाच्या अगदी टोकाला एक टोपी असते, तिच्यातल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. बाटलीत गाळ तळाला बसतो तसे ते पेशीच्या खालच्या बाजूला बसतात. बरणी आडवी केली की कण घरंगळून नव्या तळाला जातात, मग ऑक्झिन नावाचं संप्रेरक मुळाच्या खालच्या अंगाला जास्त जमतं. मुळामधी ऑक्झिन जास्त झालं की वाढ मंदावते, म्हणून खालचं अंग मागं राहतं, वरचं वाढत राहतं आणि मूळ खाली वाकतं. कोंबात हेच ऑक्झिन उलटं काम करतं, खालचं अंग जास्त वाढवतं, म्हणून कोंब वर.

आता ही ब्लेड बघा. मुळाचं जेमतेम दीड-दोन मिलिमीटर टोक सर काढतायत. मूळ मरत नाही, वाढतं, पण आडवं ठेवलं तर आडवंच वाढत जातं. टोक परत तयार झालं की दिशाही परत येते. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 च्या पुस्तकात टोक कापायचे असेच प्रयोग लिहून ठेवलेत.

त्याच्याही आधी, 1806 मध्ये इंग्लंडात थॉमस अँड्र्यू नाईट नावाच्या माणसानं ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरवलं, मिनिटाला 150 फेरे, आणि चाकाच्या कडेला भिजवलेल्या शेंगबिया बांधल्या. मुळं सगळी बाहेरच्या बाजूला गेली, कोंब सगळे मधल्या आसाकडं. म्हणजे बी ला जमीन दिसत नाही, आभाळ दिसत नाही, तिला फक्त ओढ कुठून लागते तेवढं कळतं.

आपल्या पोरांकडं ओढा नव्हता, कूलर होता, तोही भंगारातला. कूलरच्या पट्ट्या हलवणारी जी छोटी मोटर असते, स्विंग मोटर, मिनिटाला चार-पाच फेरे घेणारी, ती काढली, लाकडाच्या ठोकळ्यावर बसवली, तिच्यावर प्लास्टिकचं झाकण उभं चिकटवलं आणि आत ओल्या कापसावर मेथीचे दाणे, वरून पारदर्शक प्लास्टिक. खर्च फेव्हिक्विकचा. झाकण सारखं फिरतंय म्हणून "खाली" नावाची बाजूच राहत नाही, स्टार्चच्या कणांना एका जागी बसायला वेळच मिळत नाही, आणि मुळं बघा, एक इकडं, एक तिकडं, एक कापसातून वर आलंय.

आणि मग रात्री लाईट गेली. मोटर बंद. सकाळी शाळा उघडली तर हा शॉट मिळाला, ठरवून मिळाला नसता: सगळ्या मुळांची टोकं एकाच बाजूला, फरशीकडं वळलेली. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, समदे एकाच दिशेनं गेले की!" पुस्तकातलं पान जे सांगत नाही ते लोडशेडिंगनं सांगितलं.

इस्रोनं 2024 च्या डिसेंबरात यानात पाठवलेल्या चवळीला अंतराळात मोड आले, 2025 मध्ये शुभांशु शुक्लांनी स्पेस स्टेशनवर मूग आणि मेथी रुजवली. मेथी तिथंही, मेथी इथंही.

हे फुटेज नवरात्रातलं. मराठवाड्यात तुळजापूर, माहूर, अंबाजोगाईच्या देवीच्या नावानं घरोघरी घट बसतात. काळ्या मातीत धान मुठीनं टाकलेलं, कोणता दाणा कसा पडला कोण बघतंय? देवघरात उजेड कमी म्हणून कोंब पिवळे, पण उभे सरळ. अखंड दिव्याच्या बाजूचे थोडे झुकलेत, तो उजेडाचा खेळ, बाकी सगळा गुरुत्वाकर्षणाचा.

आता रान. तिफणीमागं बाई चाड्यावर मूठ धरून चालतेय, नळ्यांतून दाणे पडतायत, उलटे सुलटे आडवे. पडू द्या. दिशेचं बी बघून घेतं. खोली मात्र तुम्ही बघायची, सोयाबीनला 3 ते 4 सेंटिमीटर, बास. कारण सोयाबीन मान वाकवून दोन्ही डाळिंब्या ओढत वर काढतं, पेरल्यावर दणकून पाऊस पडून ऊन तापलं आणि वर खपली धरली की ती मान तिथंच मोडते. तुरीच्या डाळिंब्या मातीतच राहतात, नुसता कोंब वर येतो. उसाची टिपरी आणि लसणाची पाकळी यांना मात्र दिशा आपणच द्यायची, दोन डोळ्यांच्या टिपरीचे डोळे, म्हणजे कांडीवर जिथून कोंब फुटतो ते, बाजूला, पाकळीचा बुडखा खाली.

शेवटचं दृश्य, ओलं गोणपाट. घरच्या सोयाबीनचे 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी केलीय, आठवडाभर ओली ठेवायची आणि मोजायचं. घरचं बी चांगलं असतं हो, फक्त पोतं आपटू नका, सोयाबीनची साल पातळ, मुळाचा अंकुर तिच्या लगेच खाली, आपटलं की तोच मोडतो. 70 च्या वर उगवले तर एकरी 30 किलो धरा, थोडे कमी असले तर बी वाढवा, लईच कमी असले तर ते पोतं बाजारात. नाहीतर दुबार पेरणी, तिचा खर्च तुम्हाला माहितीच आहे. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढू नका, गोणपाटात शंभरच्या शंभर उगवले असले तरी.